मदत हवी आहे: रामकुंडावरचे दिवे, ओल्या पायऱ्यांवर फ्रेमागणिक हलणारे डाग

नमस्कार मंडळी. नाशिकच्या रामकुंडावरच्या सांज आरतीचा १० सेकंदांचा शॉट ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या सायकल्स रेंडर इंजिनवर चालू आहे. आकाशाचा निळसर उजेड एचडीआरआयमधून (सीनला चहूबाजूंनी उजेड देणारा फोटो), आणि पाण्यात सोडलेले साधारण ३०० द्रोणातले दिवे. ज्योतीचा रंग ब्लॅकबॉडी (तापमानावरून ठरणारा) १९०० केल्विन, सॅम्पल्स (दर पिक्सेलमागचे नमुने) ५१२, नॉइज थ्रेशोल्ड (किती गोंगाट चालेल) ०.०१, लाइट ट्री (अनेक दिव्यांतून महत्त्वाचे निवडणारी सोय) चालू.

एकच फ्रेम पाहिली तर सुंदर. पण चालवली की घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर, जिथे उजेड फक्त पाण्यावरून परतून येतो तिथे, डाग सळसळतात. कारण उघड आहे: डिनॉइजर (रेंडरमधला दाणेदार गोंगाट पुसणारा) प्रत्येक फ्रेम सुटी साफ करतो. सीड (गोंगाटाचा नमुना ठरवणारा आकडा) एकच ठेवला तर गोंगाट काचेवरच्या धुळीसारखा जागेवर चिकटतो, म्हणून तो बदलता ठेवलाय. इनडायरेक्ट क्लॅम्प (परतून येणाऱ्या उजेडाची कमाल मर्यादा) १० वरून ३ वर आणला, फायरफ्लाय (सुटे चमकणारे पिक्सेल) गेले. पण लाटेवर लांबणारी ज्योतीची पिवळी रेघही मेली, आणि शॉटचा जीव तीच आहे.

आता विचार असा की ज्योतीची जाळी (मेश) फक्त कॅमेऱ्याला आणि ग्लॉसी (प्रतिबिंबाच्या) किरणांना दिसेल अशी ठेवायची, उजेड १ सेंमी त्रिज्येच्या पॉइंट लाइटने द्यायचा. क्लॅम्प अख्ख्या सीनला लागतो, त्यामुळे पाणी वेगळ्या सीनमध्ये रेंडर करावं लागेल.

कुणी एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सचं टेम्पोरल डिनॉइजिंग (आधीच्या फ्रेम धरून साफ करणं) हलत्या पाण्यावर वापरलंय का? व्हेक्टर पासला (पिक्सेल कुठे सरकला ते सांगणारा थर) पृष्ठभागाची हालचाल कळते, प्रतिबिंबाची नाही. रेघा फासल्या जातात का? ग्राफिक्स कार्ड १२ जीबीचं आहे.