मदत हवी आहे: सारकोमासाठी रेडिएशनबरोबर हायपरथर्मिया घ्यावी का?

माझ्या ताईच्या मांडीत खोलवर सॉफ्ट टिश्यू सारकोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांतला कर्करोग) निघाला आहे. बायोप्सीत हाय ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणारा प्रकार आला, छातीच्या स्कॅनमध्ये सध्या काही नाही. गाठ मोठी आहे, म्हणून आधी रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया असं ठरलंय. पाच आठवड्यांत २५ वेळा, एकूण ५० ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). सोबत आठवड्यातून एकदा-दोनदा हायपरथर्मिया, म्हणजे गाठ यंत्राने तापवायचा उपचार, देता येईल असं डॉक्टर म्हणाले, पण निर्णय आमच्यावर सोडलाय. ताईचं एकच म्हणणं आहे, पाय वाचला पाहिजे.

मला कळलं ते असं: गाठ साधारण ४० ते ४३ अंश सेल्सिअसला तासभर गरम ठेवतात. मोठ्या गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथल्या पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत. उष्णता मात्र अशाच पेशींना जास्त बाधते. शिवाय रेडिएशनने तुटलेला डीएनए पेशी सांधायला घेतात, त्या कामातही उष्णता खोडा घालते. इथपर्यंत पटतं.

अडतं ते पुराव्यापाशी. जिचा दाखला सगळे देतात, त्या युरोपातल्या सारकोमाच्या चाचणीत ३४१ रुग्ण होते. २०१८ साली आलेल्या दीर्घकालीन निष्कर्षांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ५१.३ टक्क्यांवरून ६२.७ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. पण तिथे उष्णतेची जोड केमोथेरपीला दिली होती. रेडिएशन दोन्ही गटांतल्या रुग्णांना मिळालं होतं. मग हा आकडा ताईला कसा लावायचा? रेडिएशन आणि उष्णता एकत्र देऊन फायदा दिसला तो नेदरलँड्सच्या २००० सालच्या चाचणीत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. तो आजार वेगळा.

दुसरी भीती जखमेची. रेडिएशन आधी दिलं तर शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचं प्रमाण वाढतं. कॅनडातल्या २००२ च्या अभ्यासात ते ३५ टक्के होतं, नंतर दिलं तर १७. उष्णतेने त्यात आणखी भर पडेल का? कोणी घेतली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १
माझ्या नवऱ्याने घेतली होती. यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याची पिशवी असते, तापमान मोजायला गाठीत बारीक नळी घालतात. तासभर न हलता पडून राहणं हाच मोठा त्रास. एखाद्या जागी चटका बसतोय असं वाटलं की लगेच सांगायचं, सहन करत राहायचं नाही. ह्यांनी एकदा सहन केलं आणि फोड आले. ताईंना हे आधीच बजावून ठेवा.

प्रतिसाद २
मी रेडिएशन विभागात काम करते. तुमचं वाचन बरोबर आहे. तुमच्या ताईंसारख्या रुग्णांत रेडिएशनला उष्णतेची जोड दिल्याचे अनुभव आहेत, पण केमोच्या चाचणीइतका भक्कम पुरावा नाही. मी असते तर तापमान कुठे आणि कसं मोजणार, हे पहिल्यांदा विचारलं असतं. गाठीच्या आत उष्णता पोचली की नाही हे कळलंच नाही, तर उपचार झाला असं कसं म्हणणार? हायपरथर्मियाच्या दोन वेळांमध्ये साधारण तीन दिवस जायला हवेत, कारण एकदा तापलेल्या पेशी काही काळ उष्णतेला दाद देत नाहीत. जखमेचं शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, कातडीची अवस्था तेच बघतात. मांडीला बधिरपणा असेल तर जरूर सांगा, चटका कळणारच नाही. आणि हायपरथर्मियाची तारीख मिळत नाही म्हणून रेडिएशन लांबवू नका. घरी गरम पाण्याच्या पिशवीने शेकणं तर मुळीच नको, रेडिएशनची कातडी आधीच नाजूक झालेली असते.

धागाकर्ती
दोघींचेही मनापासून आभार. बधिरपणा नाही. पण त्याच पायात जुन्या फ्रॅक्चरचा रॉड आहे. मांडीच्याच हाडात. हे आम्ही हायपरथर्मियाच्या संदर्भात कोणालाच सांगितलेलं नाही. त्याने फरक पडतो का?

प्रतिसाद २
पडतो. धातूजवळ उष्णता एकवटून आतून भाजू शकतं, त्यामुळे कदाचित हायपरथर्मिया देताच येणार नाही. पायाचा एक्स-रे आणि एमआरआय घेऊन हायपरथर्मिया देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्या वेळेच्या आधीच भेटा. त्यांनी नाही म्हटलं तरी ठरलेलं रेडिएशन आणि शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे, तो ठरल्याप्रमाणे सुरू होऊ द्या.