नागिणीसाठी व्हॅलासायक्लोव्हिर: वेळा, पाणी आणि किडनीबद्दल शंका

पानगळ (प्रश्न)

माझ्या सासूबाईंचे वय ७८ आहे. परवा त्यांच्या उजव्या बरगडीखाली जळजळ सुरू झाली आणि काल सकाळी तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उमटला. डॉक्टरांनी नागीण असल्याचे सांगून व्हॅलासायक्लोव्हिरची १ ग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, सात दिवस घ्यायला सांगितली आहे. दवाखान्यात आमचे सगळे लक्ष त्यांच्या वेदनेकडे होते, त्यामुळे विचारायच्या बऱ्याच गोष्टी राहून गेल्या. काल रात्री पहिली गोळी दिली आणि आज सकाळी दुसरी.

तीन वेळा म्हणजे बरोबर आठ-आठ तासांनी द्यायची का, आणि त्यासाठी त्यांना रात्री झोपेतून उठवावे लागेल का? गोळी जेवणानंतरच द्यावी का? एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन द्याव्यात का? फोड चार-पाच दिवसांत सुकले तर गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी रोज चालू आहे आणि गुडघेदुखीसाठी त्या अधूनमधून डायक्लोफेनॅक घेतात. रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिण्याचे त्या जवळजवळ टाळतातच. पाकिटातल्या पत्रकात मूत्रपिंडाच्या रुग्णांनी काळजी घ्यावी असे लिहिलेले वाचले. त्यांना मूत्रपिंडाचा आजार असल्याचे आजवर कोणी सांगितलेले नाही. गेल्या तपासणीत क्रिएटिनिन १.२ होते आणि वजन ४८ किलो आहे. हा अहवाल कालच्या डॉक्टरांनी पाहिलेला नाही.

मात्रावेलांटी

मी औषधविभागात काम करतो. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

व्हॅलासायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर त्याचे असायक्लोव्हिर होते आणि हे असायक्लोव्हिर मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. दिवसातून तीन वेळा १ ग्रॅम ही मात्रा मूत्रपिंडे नीट काम करत असलेल्या प्रौढासाठी ठरवलेली आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंपासून तयार होते आणि मूत्रपिंडे ते रक्तातून गाळून बाहेर टाकतात. वय वाढले आणि अंगावरचे मांस कमी झाले की ते मुळातच कमी तयार होते, त्यामुळे रक्तातील आकडा जेमतेम मर्यादेच्या काठावर दिसत असताना प्रत्यक्षात मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता बरीच उतरलेली असू शकते. म्हणून औषधाची मात्रा ठरवताना नुसते क्रिएटिनिन न पाहता वय आणि वजन धरून हिशेब करतात. १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागायचे आणि स्त्री असल्यास आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हे उत्तर मिनिटाला २९ मिलिलिटरच्या आसपास येते. नागिणीसाठी हे उत्तर ३० ते ४९ असेल तर १ ग्रॅमची गोळी दर बारा तासांनी आणि १० ते २९ असेल तर चोवीस तासांतून एकदाच देतात.

हा हिशेब मी तुम्ही मात्रा स्वतः बदलावी म्हणून लिहिलेला नाही. अहवाल जुना असेल तर आकडा आज वेगळा असू शकतो, आणि तुमच्या सासूबाई नेमक्या दोन गटांच्या सीमेवर आहेत. पण पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करून वय, वजन, क्रिएटिनिन आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या सांगा. उद्यावर ढकलू नका. त्याच वेळी औषध आपणहून बंदही करू नका, कारण फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो आणि तुम्ही ती वेळ साधलेली आहे.

डायक्लोफेनॅक सध्या थांबवण्याबद्दलही विचारा. त्या गटातील वेदनाशामके मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि पाणी न पिण्याची सवय यांची भर पडली, की असायक्लोव्हिर मूत्रनलिकांत साचून मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामोल किंवा नागिणीच्या वेदनेसाठीची वेगळी औषधे डॉक्टर देऊ शकतात. मात्र गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन दिले गेले तर त्यांचीही मात्रा मूत्रपिंडांप्रमाणे कमी करावी लागते, हे विसरू नका. पाण्याचे म्हणाल तर दिवसा, विशेषतः सकाळपासून संध्याकाळपर्यंत, थोडे थोडे करून पुरेसे पाणी द्या. म्हणजे रात्रीच्या उठण्याचा प्रश्नही फारसा येणार नाही. हृदयविकारामुळे त्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर मात्र तीच मर्यादा पाळा.

बाकीचे प्रश्न सोपे आहेत. गोळी जेवणाआधी किंवा जेवणानंतर कधीही चालते. मळमळ होत असेल तर जेवणानंतर द्यावी. तीन वेळांचीच मात्रा कायम राहिली तर सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशा वेळा सोयीच्या पडतात आणि कोणाला झोपेतून उठवावे लागत नाही. वेळ चुकली तर आठवताच गोळी द्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत दोन गोळ्या एकदम देऊ नयेत. १ ग्रॅमची गोळी बरीच मोठी असते. गिळताना त्रास होत असेल तर ती कुटून देण्यापेक्षा ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या मिळतील का, ते विचारा.

तिसरा प्रहर

वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते, कारण ती मी घरात पाहिली आहे. माझ्या वडिलांना नागिणीसाठी हेच औषध पूर्ण मात्रेत दिले गेले होते आणि त्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पांघरुणावरून मुंग्या झटकू लागले, मुंग्या नव्हत्याच. बोलणे अडखळत होते, हात थरथरत होते आणि मधेच ते मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारत होते. आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ वय, वेदना आणि न झालेली झोप असा लावला. रुग्णालयात रक्त तपासल्यावर औषध साचल्याचे निदान झाले. औषध थांबवल्यावर काही दिवसांत ते पूर्ण भानावर आले.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस सासूबाईंशी मुद्दाम बोलत राहा. आज वार कोणता, सकाळी काय खाल्ले, घरात कोण आहे, असे साधे प्रश्न विचारा. असंबद्ध बोलणे, नसलेल्या गोष्टी दिसणे, अनावर झोप, तोल जाणे किंवा लघवी फारच कमी होणे यांपैकी काहीही आढळले तर पुढची गोळी न देता त्यांना लगेच रुग्णालयात न्या. क्वचित हाच विषाणू मेंदूपर्यंत पोहोचूनही अशी लक्षणे दिसतात, तेव्हा कारण काय ते घरी बसून ठरवता येणार नाही.

दुसरे असे, की गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून तो पाकिटाला रबराने बांधून ठेवा आणि गोळी देणाऱ्याने तिथेच खूण करावी. घरात दोघेतिघे काळजी घेणारे असले की गोळी चुकण्यापेक्षा ती दोनदा दिली जाण्याचीच शक्यता जास्त असते.

कोरा कागद

फोड सुकल्यावर गोळ्या बंद करण्याबद्दलचे उत्तर राहून गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. बंद करू नयेत. खपली धरू लागली म्हणजे विषाणूची वाढ सर्वत्र थांबली असे समजता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. उलट, सात दिवसांनंतरही नवे फोड येत असतील तर तेही डॉक्टरांना कळवावे. नागीण बरगडीवर आहे हे एका अर्थी बरे. ती कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आली तर डोळ्याला धोका असतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागते. कानाजवळ फोड येऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्यासही तितकीच घाई करावी.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. दुपारची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी वय आणि वजन विचारून हिशेब केला, आता दिवसातून एकच गोळी द्यायला सांगितली, डायक्लोफेनॅक थांबवून पॅरासिटामोल दिले आणि उद्या सकाळी क्रिएटिनिन पुन्हा तपासायला सांगितले आहे. रक्तदाबाच्या गोळीबद्दल ते उद्याचा अहवाल पाहून ठरवणार आहेत.

आता घरात वेगळीच चर्चा सुरू झाली आहे. माझ्या पतींना वाटते की तीनऐवजी एक गोळी दिली तर औषध अपुरे पडेल आणि नागिणीचे दुखणे मागे राहील. शिवाय घरात सात महिन्यांचे बाळ आहे. त्याला सासूबाईंजवळ न्यावे का?

मात्रावेलांटी

तुमच्या पतींची शंका रास्त आहे. मूत्रपिंडे निरोगी असतील तर रक्तातील असायक्लोव्हिर साधारण अडीच ते तीन तासांत निम्मे होते. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेल्या माणसात त्यालाच वीस तासांच्या आसपास लागतात. तुमच्या सासूबाई या दोन टोकांच्या मधे आहेत. त्यांच्या शरीरात एक गोळी जास्त काळ टिकते, त्यामुळे तिच्यातून विषाणूविरुद्ध पुरेसे औषध मिळत राहते. त्यांच्यासाठी हीच पूर्ण मात्रा आहे.

मागे राहणाऱ्या दुखण्याबद्दल अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. ही औषधे फोड लवकर सुकवतात आणि सुरुवातीच्या वेदनेचा काळ कमी करतात, पण तीन महिन्यांनंतरही टिकून राहणारी मज्जातंतूंची वेदना ती हमखास टाळतात असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. जास्त गोळ्या दिल्याने ती टळेल असे तर नाहीच. दुखणे लांबले तर त्यावर स्वतंत्र उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केलेले चांगले.

बाळाच्या बाबतीत सांगायचे तर, फोडांतील पाण्याच्या स्पर्शाने बाळाला नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात, कारण दोन्हींचा विषाणू एकच आहे. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, सासूबाईंनी बाळाला घेऊ नये, फोड कपड्याने झाकून ठेवावेत आणि टॉवेल वेगळा असावा. कांजिण्या न झालेल्या गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यापासूनही तेवढे दिवस दूर राहावे. गोळी सुरू आहे म्हणून संसर्ग होणार नाही, असे समजू नका.

अर्धविराम

विषय थोडा वेगळा आहे, पण औषध तेच आहे म्हणून इथेच विचारते. मला वर्षातून काही वेळा ओठांवर हर्पीजचे फोड येतात. घरात एका नातेवाइकांची नागिणीच्या वेळची व्हॅलासायक्लोव्हिर उरलेली आहे. फोड आले की त्यातली गोळी दिवसातून तीन वेळा घेतली तर चालेल का?

मात्रावेलांटी

नाही. दुसऱ्याच्या नावाने दिलेली गोळी घेऊ नये हा सर्वसाधारण नियम तर आहेच, पण इथे त्याचे कारणही स्पष्ट आहे. औषध एकच असले तरी प्रत्येक आजारात त्याची मात्रा आणि मुदत फार वेगळी असते. ओठांवरच्या फोडांसाठी निरोगी प्रौढाला २ ग्रॅम आणि बारा तासांनी पुन्हा २ ग्रॅम असा एकाच दिवसाचा उपचार देतात, आणि तोही पहिली चुणचुण जाणवताच घेतला तरच त्याचा खरा फायदा होतो. फोड पूर्ण उमटल्यावर सात दिवस नागिणीची मात्रा घेऊन हाती फारसे काही लागणार नाही, दुष्परिणामांची शक्यता तेवढी वाढेल. जननेंद्रियांवरील हर्पीज पुन्हा उद्भवल्यास ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन वेळा, तीन दिवस देण्याची पद्धत आहे. वारंवार त्रास होणाऱ्यांना रोज एक गोळी दीर्घकाळ दिली जाते. त्यामुळे जोडीदाराला संसर्ग होण्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही, म्हणून कंडोम वापरणे आणि फोड असताना संबंध टाळणे गरजेचेच राहते.

तुम्हाला पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर फोड नसताना एकदा डॉक्टरांना भेटा आणि तुमच्या नावाची चिठ्ठी घेऊन ठेवा, म्हणजे चुणचुण सुरू झाल्यावर धावपळ होणार नाही. त्या भेटीत मूत्रपिंडाचा काही आजार, गर्भधारणा, स्तनपान, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, गाउटसाठीचे प्रोबेनेसिड किंवा आम्लपित्तासाठीचे सिमेटिडिन यांपैकी काही लागू असेल तर अवश्य सांगा. शेवटची दोन औषधे असायक्लोव्हिरचे रक्तातील प्रमाण वाढवतात. कांजिण्यांची जिवंत विषाणूंची लस घ्यायची असेल तर या गोळ्या लसीच्या किमान २४ तास आधी थांबवाव्या लागतात आणि नंतर १४ दिवस टाळाव्या लागतात. घरात उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत देता येतात का ते विचारा, आणि तोवर त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

पानगळ

सकाळचा अहवाल आला. क्रिएटिनिन १.३ आहे आणि डॉक्टरांनी दिवसातून एक गोळी हीच मात्रा सात दिवस पूर्ण होईपर्यंत कायम ठेवली आहे. लघवी वाढवणारी गोळी तेवढे दिवस थांबवली असून रोज दोन वेळा रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितले आहे. सासूबाईंचे बोलणे नेहमीसारखेच आहे. वार विचारला तर वैतागून तिथीही सांगतात.