काळं जिरं म्हणून आणलेल्या बिया कडूजार लागतात – मदत हवी आहे

तांबडी_माती:
आईला (वय ६४) टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. नातेवाइकांनी रोज चमचाभर काळं जिरं उपाशीपोटी घ्यायला सांगितलंय. वाण्याकडून आणलं, पण जिभेवर ठेववत नाही इतकं कडू आहे. हेच का ते? किती द्यायचं, भाजून की कच्चं? गोळ्यांबरोबर चालेल?

खलबत्ता:
बी कुठली ते कळेपर्यंत काही देऊ नका. 'काळं जिरं' म्हटलं की दुकानदार तीन वेगळ्या वस्तू देऊ शकतो. मधुमेहावर जिचे प्रयोग झालेत ती कलौंजी. दाणे दोन-तीन मिलिमीटरचे, काळेकुट्ट, बिनचमकीचे, कोन असलेले. चिरडली की ओवा आणि मिरी यांच्या मधला वास येतो, आत पांढरट दिसते. शहाजिरं म्हणजे बिर्याणीतलं, बारीक, वाकडं, तपकिरी. कडू जिरं लांबट, रेघांचं, चवीला जहाल.

आणखी एक. कलौंजीला बरेच जण 'कांद्याचं बी' म्हणतात. कांद्याशी तिचा काही संबंध नाही. कृषी सेवा केंद्रातून खरंच कांद्याचं बी आणलं तर त्याला थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. ते पोटात जाता कामा नये.

दहा-बारा बिया पांढऱ्या कागदावर पसरून बघा आणि इथे लिहा.

तांबडी_माती:
लांबट, एका टोकाला निमुळत्या, गडद तपकिरी, उभ्या रेघा. चोळल्यावर वास नाही.

खलबत्ता:
मग हे कडू जिरंच. वैद्य ते जंतांवर, त्वचारोगांवर देतात, पण कलौंजीचं प्रमाण त्याला लावायचं नाही. बाजूला ठेवा. नवीन घेताना 'कलौंजी' असंच मागा.

पाटावरवंटा:
प्रमाणाबद्दल. २०१० साली सौदी अरेबियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ९४ रुग्णांना नेहमीची औषधं चालू ठेवून रोज १, २ किंवा ३ ग्रॅम कलौंजी तीन महिने दिली. २ ग्रॅमवाल्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) उतरलं, ३ ग्रॅमने जास्तीचा फायदा दिसला नाही. मात्र तिन्ही गट कलौंजी घेणारेच होते, तुलनेला न घेणारा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा डोळे झाकून धरू नका. 'चमचाभर' हे मापही फसवं. सपाट आणि शिगोशीग यांत दुपटीचा फरक पडतो. काट्यावर मोजा.

अख्खी गिळली तर बरीचशी तशीच बाहेर पडते. भरड कुटून द्या. फार तर मंद आचेवर मिनिटभर कोमट करा. धूर निघेपर्यंत भाजली की थायमोक्विनोन, म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप ती वस्तू, उडून जाते आणि कडवटपणा मागे राहतो. एकदम किलोभर कुटून ठेवू नका. आठवड्यापुरती कुटा, गडद बरणीत घट्ट झाकून ठेवा. उपाशीपोटी जळजळ होत असेल तर जेवणाबरोबर ताकात चालेल.

पोषणाचं म्हणाल तर शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे २ ग्रॅममधून अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. प्रथिनांसाठी डाळ-उसळच हवी.

चूर्णगोळी:
यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा ग्लिमेपिराइडचा. ही गोळी एकटीही साखर खाली नेते. त्यात कलौंजीची भर पडली आणि जेवण लांबलं, तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून डॉक्टरांना आधी सांगा, आणि गोळी परस्पर कमी करू नका. सुरुवातीचे दोन आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर तपासा. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद. गरोदरपणात औषध म्हणून नकोच.

तांबडी_माती:
खूप आभार. बियांऐवजी तेल चालेल का? गुडघ्यालाही चोळायचं म्हणते आई.

पाटावरवंटा:
२ ग्रॅम बियांच्या जागी २ ग्रॅम तेल असा हिशोब बसत नाही, म्हणून साखरेसाठी बियाच बऱ्या. चोळायला घाण्याचं घ्या, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावून दोन दिवस थांबा. काहींच्या कातडीवर याने फोड येतात. लाली किंवा खाज दिसली तर गुडघ्याला लावू नका.