मदत हवी आहे: आईची साखर आणि विसराळूपणा

आई ७४ वर्षांची, मधुमेह १५ वर्षांपासून. हल्ली बोलता बोलता तिला शब्दच आठवत नाही. परवा चष्मा हातात धरून चष्मा शोधत होती; माझं लक्ष गेलं तशी गप्प बसली. फार लागलं मनाला.

मेटफॉर्मिन (तिची मधुमेहाची गोळी) वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, त्यानेही विसराळूपणा येतो, म्हणून ती तपासणी करतोय. पण मला खरी भीती साखर उतरण्याची आहे. सोबत ग्लिमेपिराइड आहे, या गोळीने साखर जास्तच उतरू शकते, आणि आई साखर वाढेल म्हणून रात्री जेमतेम दोन घास खाते. गोंधळही पहाटेच जास्त दिसतो.

कुणाच्या घरी जेवणाच्या वेळा किंवा गोळ्या बदलून फरक पडला का? पहाटे ३ वाजता साखर तपासून ठेवू का? डॉक्टरांना आणखी काय विचारू?