गाण्यांच्या व्हिडिओतून सिनेमाकडे: मिशेल गोंद्री कसा पोचला?

इस्लामपूरकर:
मी सांगली-कोल्हापूर भागात अल्बमची गाणी शूट करतो. घर लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं, जीव मात्र गाण्यांत आहे. आता पूर्ण लांबीचा सिनेमा करायचाय. पण ज्याला सांगावं तो म्हणतो, गाणीवाल्यांना फ्रेम कळते, गोष्ट सांगता येत नाही. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्री गाण्यांतूनच आला ना? त्याने ही वाट कशी काढली, कुणी नीट सांगेल का?

रीळवाला:
जन्म १९६३, व्हर्साय. 'वी वी' नावाच्या फ्रेंच बँडमध्ये तो ड्रमर होता आणि बँडचे व्हिडिओ स्वतःच करायचा. ते पाहून आइसलँडची गायिका ब्यॉर्कने त्याला बोलावलं, १९९३ मध्ये तिच्या 'ह्यूमन बिहेवियर' गाण्याचा व्हिडिओ आला. पहिला सिनेमा 'ह्यूमन नेचर' २००१ चा, 'एटर्नल सनशाईन' २००४ चा.

टाइमलाइनवाली:
रीळवाला, तुम्ही 'ड्रमर' म्हणालात ना, माझ्या मते सगळं तिथेच आहे. मी पुण्यात गाणी एडिट करते. येणाऱ्या फुटेजमध्ये ड्रोन आणि स्लो मोशन भरपूर असतं, ठेका मात्र मी कापून कापून आणायचा असतो. गोंद्री तो शूटच्या आधीच बसवतो.

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं 'अराउंड द वर्ल्ड' (१९९७) घ्या. व्हिडिओत नाचणाऱ्यांचा एकेक गट गाण्यातला एकेक आवाज दाखवतो. यंत्रमानव म्हणजे गाणारा आवाज, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन. पायऱ्या चढणारे-उतरणारे उंच खेळाडू म्हणजे बेस; सूर चढला की ते वर, उतरला की खाली. नृत्य ब्लांका लीने बसवलंय. आवाज बंद करून पाहिलं तरी कुठलं वाद्य कधी शिरलं ते कळतं.

केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीच्या 'स्टार गिटार'मध्ये (२००२) तर नाचणारं-गाणारं कुणीच नाही. फ्रान्समधल्या नीम ते व्हालाँस मार्गावरच्या ट्रेनची खिडकी, बस्स. बीट पडला की बाहेरून ठरलेली वस्तू सरकते, वाद्य थांबलं की तीही गायब. हे त्याने आधी संत्री, जेवणाचे काटे, पुस्तकं मांडून आखलं होतं. मला हे फार आवडतं, कारण अशा आखणीला पैसा लागत नाही, गाणं मात्रेमात्रेने ऐकावं लागतं.

'एटर्नल सनशाईन' या सिनेमाला मात्र लेखक लागला. कुणीतरी तुम्हाला आपल्या आठवणींतून पुसून टाकलंय असं कार्ड हातात पडलं तर? ही कल्पना त्याचा मित्र प्येर बिस्मुथची. पटकथा चार्ली कॉफमनने लिहिली आणि मूळ पटकथेचं ऑस्कर तिघांनाही मिळालं. तुमची पटकथा तुम्हीच लिहिली पाहिजे असं नाही, दादा.

इस्लामपूरकर:
ताई, पण 'ह्यूमन नेचर'सुद्धा कॉफमननेच लिहिला होता. तो का नाही चालला?

टाइमलाइनवाली:
बरोबर प्रश्न. मला वाटतं, तिथे गोंद्रीच्या करामती गोष्टीच्या शेजारी उभ्या राहतात, आत शिरत नाहीत. 'एटर्नल सनशाईन'मध्ये आठवण पुसली जाते आणि चित्रही तसंच विस्कटतं. आठवणी पुसणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात एकाच शॉटमध्ये नायक जिम कॅरी दोन ठिकाणी दिसतो. तिथे संगणकाचा खेळ नाही. कॅमेरा वळेपर्यंत तो मागून पळत, कपडे बदलत दुसऱ्या जागी पोचतो. ही गाणीवाल्याचीच हिकमत, पण इथे ती त्या माणसाच्या गोंधळाच्या कामी आलीय. तुमची गोष्ट काय आहे?

इस्लामपूरकर:
वरातीत ताशा वाजवणारा एक म्हातारा. त्याला ऐकू येईनासं होतंय आणि ते तो ताशा पार्टीतल्या पोरांपासून लपवतोय.

रीळवाला:
याला निर्माता मिळणं अवघड आहे, आधीच सांगतो. लघुपट करा.

टाइमलाइनवाली:
लघुपट असो की सिनेमा, ही गोष्ट गाणीवाल्यानेच करायची आहे. त्याला ठेका ऐकू येत नसेल तर तो कशावर वाजवेल? समोर नाचणाऱ्यांच्या पायांवर. म्हणजे कॅमेरा पायांवर, आवाज जवळजवळ नाही, आणि तरी बघणाऱ्याला ताल कळला पाहिजे. मग वरातीत कुणीतरी दारू पिऊन भलत्याच तालावर नाचतो आणि म्हाताऱ्याचा हात चुकतो. पोरांना पहिल्यांदा शंका येते ती तिथे. हा एक सीन मात्रा मोजून लिहा आणि इथे टाका. एडिट मी करून देईन.