राजे जातील तिकडे आपणही जायचे का?

अजिंक्यताऱ्याखालचा:
"राजे जातील तिकडे आम्ही, पक्ष गौण" ही पोस्ट कालपासून फिरत आहे आणि तिच्याखाली मुजरे पडत आहेत. मे 2019 मध्ये साताऱ्याने उदयनराजेंना राष्ट्रवादीच्या घड्याळावर सलग तिसऱ्यांदा लोकसभेत पाठवले, सप्टेंबरात ते राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्याच मतदारांनी त्यांच्याविरुद्ध राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांना सुमारे 87 हजारांनी निवडून दिले. पक्ष गौण होता, तर हे झाले कसे?

माझे गाऱ्हाणे मात्र घरचे आहे. पक्षापायी वडिलांचे चुलतभावाशी अठरा वर्षे बोलणे बंद होते. बांधाला बांध असूनही एकमेकांच्या घरच्या लग्नाला कोणी गेले नाही. राजांचा प्रवेश झाला त्या संध्याकाळी चुलते पेढे घेऊन दारात आले आणि म्हणाले, "दादा, आता आपण एकाच पक्षात." वडिलांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

गादीचा मान:
ती पोस्ट माझीच आहे. राजे 1998 साली भाजपचेच आमदार होते, म्हणजे ते स्वगृही परतले. 2019 मध्ये पवारसाहेब भर पावसात बोलले आणि सातारकर हळवे झाले, एवढेच. 2024 मध्ये याच मतदारांनी राजांना कमळावर लोकसभेत पाठवले.

कृष्णाकाठ:
2024 चे नाव काढू नका. राजे सुमारे 32 हजारांनी जिंकले आणि पिपाणीच्या चित्राच्या अपक्षाला 37 हजारांवर मते पडली. पवारसाहेबांच्या पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस, आणि पिपाणी दिसायला तुतारीसारखीच. माझी आई मतदान करून अभिमानाने म्हणाली, "तुतारीच दाबली." मी विचारले, "चित्रात माणूस होता का?" ती म्हणाली, "माणूस कशाला असेल? नुसती तुतारी होती." तेव्हापासून तिच्यासमोर निकालाचा विषय आम्ही काढत नाही.

गादीचा मान:
नाचता येईना, अंगण वाकडे! पिपाणीची सगळी मते तुमचीच होती, हे कोणी मोजले?

कृष्णाकाठ:
सगळी नसतील, हे मान्य करतो. पण जिने अडीच महिन्यांपूर्वीच मिळालेले चिन्ह शोधत बोट फिरवले, तिची निष्ठा कोणत्या गादीशी होती, ते आपणच सांगा. माझ्या आईच्या चुकीला आपण नाच म्हणत असाल, तर यापुढे आपल्याशी बोलण्यात अर्थ नाही.

निवृत्त मास्तर:
पिपाणी पुरे. राजांचा मी कधीच समर्थक नव्हतो, तरीही एक गोष्ट नाइलाजाने लिहितो: त्यांनी खासदारकी सोडली आणि ते पुन्हा लोकांपुढे उभे राहिले. शिवसेनेच्या 2022 च्या आणि राष्ट्रवादीच्या 2023 च्या फुटींत आमदारक्या न सोडताच मूळ पक्षावर दावा सांगितला गेला. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतून, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातून, एक तृतीयांशांच्या फुटीची पळवाट 2003 मध्ये काढून टाकली, तरी शहाण्यांना नवीन वाट सापडतेच.

अजिंक्यताऱ्याखालचा:
राजीनाम्यापुरते मास्तरांचे मान्य. पण नेत्याला पुन्हा कौल मागता येतो, कार्यकर्त्याला अठरा वर्षे कोणाकडे मागता येतात?

गादीचा मान:
चुलते बोलू लागले ना? मग राजांचे उपकारच माना.

अजिंक्यताऱ्याखालचा:
बोलतात. पाण्याच्या पाळीपुरते.