विषय: दिवाळीचा हॉल आणि नाइट्स ऑफ कोलंबस

प्रेषक: मिलिंद (सचिव)

मंडळी, नमस्कार.

शाळेचा हॉल या वर्षी मिळत नाही, हे मागच्या बैठकीत सांगितलंच होतं. म्हणून दिवाळीचा कार्यक्रम नाइट्स ऑफ कोलंबसच्या हॉलमध्ये करायचं ठरतंय. स्वयंपाकघर मोठं आहे, रंगमंच आहे, भाडंही झेपण्यासारखं आहे. दोघातिघांनी फोन करून विचारलं की हे लोक नेमके कोण, हे चर्च आहे का, लक्ष्मीपूजन चालेल का. पूजेला त्यांची हरकत नाही. समई-निरांजन चालेल, होम नको, एवढंच त्यांनी सांगितलं. बाकीचं मला नीट माहीत नाही. अरुंधतीताई, तुमचं आयुष्य न्यू हेवनात आणि विम्याच्या हिशेबात गेलं. थोडं लिहाल का?

मिलिंद

---

प्रेषक: अरुंधती

मिलिंद, विचारलंस ते बरं केलंस. मला यावर कधीतरी लिहायचंच होतं, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आय-९५ वरून न्यू हेवनात शिरताना चार कोपऱ्यांवर चार गोल तपकिरी मनोरे आणि त्यांच्यामध्ये टांगल्यासारखे मजले असलेली २३ मजली इमारत दिसते, ती या संस्थेची मुख्य कचेरी. केव्हिन रोश यांच्या कार्यालयाने आखलेली, १९६९ सालची. आज जगभरात सुमारे २० लाख सभासद असलेली ही कॅथलिक पुरुषांची संस्था सुरू झाली मात्र तिथून जवळच, हिलहाउस अ‍ॅव्हेन्यूवरच्या सेंट मेरी चर्चच्या तळघरात. तारीख २ ऑक्टोबर १८८१. बैठक बोलावणारे फादर मायकल मॅकगिव्हनी तेव्हा २९ वर्षांचे होते आणि त्या चर्चमध्ये साहाय्यक धर्मगुरू होते.

त्यांचं घर समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं. वॉटरबरीला पितळेचे कारखाने होते. वडील तिथे साच्यात ओतकाम करणारे आयरिश कामगार. १३ भावंडं, त्यांतली सहा लहानपणीच गेली. मायकल सर्वांत थोरला. तेराव्या वर्षी तोही कारखान्यात चमचे बनवायच्या खात्यात लागला. पुढे धर्मगुरू व्हायला मॉन्ट्रियलला शिकत असताना १८७३ च्या जून महिन्यात वडील वारले. कर्ता माणूस गेला, घरात आई आणि लहान भावंडं. शिक्षण टाकून तो घरी परतला. बिशपांनी मदत केली म्हणून पुढचं शिक्षण बाल्टिमोरला झालं आणि १८७७ मध्ये दीक्षा मिळाली.

न्यू हेवनला आल्यावर हीच गोष्ट त्यांना घरोघर दिसू लागली. कारखान्यात किंवा रेल्वेवर माणूस जायचा, नुकसानभरपाई नावाचा प्रकार नव्हता, आणि बाईला मुलं सांभाळायची ऐपत नाही असं दिसलं की मुलांचं काय करायचं हे प्रोबेट कोर्ट, म्हणजे वारसा आणि पालकत्व बघणारं कोर्ट, ठरवायचं. १८८२ च्या फेब्रुवारीत डाउन्स कुटुंबातल्या आल्फ्रेड नावाच्या मुलासाठी मॅकगिव्हनी स्वतः कोर्टात पालक म्हणून उभे राहिले. पण एक धर्मगुरू किती मुलांचा पालक होणार?

त्या काळी कामगारांना आधार देणाऱ्या लॉज, म्हणजे सभासदांच्या बंधुसंस्था, होत्या, पण गुप्त शपथा घेणाऱ्या संघटनांत जायला कॅथलिकांना चर्चची मनाई. त्यातून आयरिश कॅथलिक म्हणजे पोपचे गुलाम, इथले नव्हेतच, असा समज पक्का. सेंट मेरीची इमारत श्रीमंतांच्या रस्त्यावर उभी राहिली, तेव्हा या चर्चने रस्त्याला डाग लागला अशा अर्थाची बातमी १८७९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने छापली होती. तेव्हा लॉज हवी, पण आपली हवी. मॅकगिव्हनींनी बॉस्टनला जाऊन तिथल्या कॅथलिक फॉरेस्टर्स या अशाच संस्थेचं काम पाहिलं, ब्रुकलिनमधलीही एक संस्था पाहिली, आणि शेवटी स्वतःचीच काढली. २९ मार्च १८८२ रोजी कनेटिकटच्या विधिमंडळाने सनद दिली. पहिले प्रमुख जेम्स मुलन हे यादवी युद्धात लढलेले गृहस्थ. न्यू हेवनची सॅन साल्वाडोर ही पहिली काउन्सिल, म्हणजे स्थानिक शाखा; मेरिडनची सिल्व्हर सिटी ही दुसरी.

आता माझ्या आवडीचा भाग. सभासद वारला की उरलेल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि विधवेला १००० डॉलर मिळायचे. सभासद हजाराच्या वर गेले की प्रत्येकाचा वाटा त्या प्रमाणात कमी. ही रीत पेनसिल्व्हेनियात १८६८ पासून युनायटेड वर्कमेन नावाच्या संघटनेने रूढ केली होती. ऐकायला सोपी आहे, पण आत एक भेग आहे. २२ वर्षांचा पोरगा आणि ५५ वर्षांचा गृहस्थ दोघेही तोच एक डॉलर देतात. पहिली काही वर्षं मृत्यू कमी, सगळे खूश. मग मंडळी म्हातारी होतात, दर थोड्या दिवसांनी डॉलर मागायला कोणीतरी येतो, तरुण म्हणतात की याहून बाहेरचा विमा स्वस्त, आणि ते निघून जातात. राहतात ते म्हातारे आणि आजारी. अशा कितीतरी लॉज याच कारणाने बुडाल्या. नाइट्सनी पुढे वयाप्रमाणे वर्गणी लावली, राखीव निधी उभा केला, म्हणून ते टिकले. आज त्यांच्या चालू पॉलिसींची रक्कम १०० अब्ज डॉलरच्या वर आहे.

मॅकगिव्हनींना यातलं फार थोडं पाहायला मिळालं. १८८४ मध्ये त्यांची बदली थॉमस्टनला झाली आणि १४ ऑगस्ट १८९० रोजी, अडतिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, न्यूमोनियाने ते गेले. २०२० मध्ये चर्चने त्यांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

अरुंधती

---

प्रेषक: फ्रान्सिस

अरुंधतीताई, मनापासून आभार. मी इथल्या काउन्सिलचा सभासद आहे, आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल.

मिलिंदसाठी आधी कामाचं: हॉल म्हणजे चर्च नव्हे. बहुतेक ठिकाणी हॉलची मालकी सभासदांनी काढलेल्या वेगळ्या कंपनीकडे असते, आणि लग्नं, बारशी, तुमच्याआमच्यासारखे कार्यक्रम यांच्या भाड्यावर छप्पर दुरुस्त होतं. वर्षभर काय चालतं? रविवारी पॅनकेकचा नाश्ता, थंडीत गरीब मुलांना कोट, आणि दुकानांच्या दारात पिवळं जाकीट घालून टूटसी रोलच्या गोळ्या वाटत मतिमंद मुलांच्या संस्थांसाठी पैसे गोळा करणं. मीही उभा राहतो.

आता जे सांगायलाच हवं ते. नवा सभासद घ्यायचा तर पूर्वी गोट्यांनी मतदान व्हायचं. लाकडी पेटी, पुढच्या बाजूला हात जाईल एवढं भोक, आत पांढऱ्या गोट्या आणि काळ्या गोट्या. पेटीत हात घालून कोणती टाकली ते शेजाऱ्यालाही कळत नसे. पाच काळ्या पडल्या की माणूस नाकारला, कारण सांगायची गरज नाही. १९६३ मध्ये शिकागोत एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कॅथलिक माणसाला असंच बाहेर ठेवलं. त्या काउन्सिलच्या काही पदाधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले, गाजावाजा झाला, आणि १९६४ मध्ये नियम बदलून नकाराला किमान एकतृतीयांश मतं लागतील असं केलं. ज्या संस्थेचा जन्म 'तुम्ही इथले नाही' या टोमण्यातून झाला, तिच्याच पेटीत त्या गोट्या होत्या. आम्ही सभासदांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. नाइट्स प्रोटेस्टंटांचा संहार करायची शपथ घेतात, असा एक बनावट मजकूर देशभर फिरला. १९१३ मध्ये तो संसदेच्या कामकाजात नोंदलाही गेला. कृष्णवर्णीयांचा आणि कॅथलिकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनचा जोर असताना ओरेगनने १९२२ मध्ये मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती करणारा कायदा केला. त्याविरुद्ध लढणाऱ्या, स्वतःच्या शाळा चालवणाऱ्या नन्सच्या मागे नाइट्सनी पैसा उभा केला आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. विधींची गुप्तता मात्र फार उशिरा गेली. २०२० पासून प्रवेशाचा विधी कुटुंबासमोर, उघड्यावर होतो. माझ्या बायकोने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, एवढंच होतं तर लपवत काय होतात?

मी वसईचा. आमच्याकडे १९१८ मध्ये मॉन्सिन्यॉर मोनीस यांनी पतसंस्था काढली, तीच पुढे बॅसीन कॅथलिक बँक झाली. मुंबईत धोबी तलावाला गोवेकरांचे गावोगावचे कूड होते, काही अजून आहेत. जहाजावर नोकरी लागेपर्यंत खलाशाने ट्रंक घेऊन तिथे राहायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजरी म्हणायची. त्यामुळे या हॉलमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला परकं वाटलं नाही.

फ्रान्सिस

---

प्रेषक: सायली

अरुंधतीकाकू, फ्रान्सिसकाका, दोन्ही पत्रं आवडली. पण एक खटकतंय. जाहिरातीवर कोलंबसचं नाव ठळक छापायचं का? न्यू हेवनच्या वूस्टर स्क्वेअरमधला त्याचा पुतळा २०२० च्या जूनमध्ये शहराने हलवला. माझ्या मुलांना शाळेत त्या माणसाने टाइनो या मूळ रहिवाशांचं काय केलं हे शिकवलंय. ती मला विचारणारच.

सायली

---

प्रेषक: अरुंधती

सायली, मुलांना खरं तेच सांग. १८८२ मध्ये कोलंबस निवडला तो एवढ्यासाठी, की अमेरिकेच्या गोष्टीतला पहिला माणूसच कॅथलिक, मग आम्हाला परके कसं म्हणता, असं त्यांना विचारता यावं. तेव्हा या खंडाच्या मूळ रहिवाशांचा विचार त्यांच्या मनात नव्हता, आणि तो नव्हता हेही सांग. जाहिरातीवर हॉलचं नाव पत्त्यापुरतं असू दे. लोकांनी गाडी कुठे आणायची ते कळायला हवं.

मला खरी निकड वेगळीच वाटते, आणि त्यासाठीच मी मॅकगिव्हनींबद्दल इतकं लिहिलं. आपल्यातलं कोणी अचानक गेलं की आपण काय करतो? व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरतो, वर्गणी गोळा होते. लोक हात आखडत नाहीत, हे मी अभिमानाने सांगते. पण गणपतीत गाणारा, नाटकात काम करणारा, सगळ्यांच्या ओळखीचा माणूस गेला तर भरभरून जमतं. नुकतं आलेलं जोडपं, अजून कार्यक्रमाला दोनदाही न आलेलं, त्यांच्यासाठी तेवढं जमत नाही. आणि गरज त्यांनाच जास्त. नवऱ्याची नोकरी गेली की कंपनीचा विमाही जातो; नवराच गेला तर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरच्या बायकोचा इथे राहायचा हक्कसुद्धा संपतो. तिला त्याच आठवड्यात वकील, अंत्यविधी आणि भारताचं तिकीट बघावं लागतं. मॅकगिव्हनींच्या एक डॉलरमध्ये हिशेबाची चूक होती, पण एक गोष्ट नेमकी होती: गेलेला माणूस लोकप्रिय होता की नाही, हे कोणी विचारत नव्हतं.

आपण त्यांची नक्कल करू शकत नाही. 'अमुक इतके डॉलर देऊ' असं वचन मंडळाने दिलं की तो विमा झाला, त्याला परवाना लागतो. पण दोन गोष्टी करता येतील. मंडळाच्या शिलकीतून तातडीचा निधी बाजूला ठेवायचा आणि तो कोणाला, कोणत्या कामासाठी, किती दिवसांत द्यायचा, याचे नियम आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे त्या वेळी ओळखीपाळखीवर काही अवलंबून राहणार नाही. आणि दिवाळीच्या दिवशी फराळाच्या टेबलाशेजारी एक टेबल मला द्या. टर्म इन्शुरन्स किती घ्यावा, कंपनीच्या विम्यात वारस कोण लिहिलाय, भारतातल्या खात्यांना नॉमिनी आहे का, हे मी बसून बघून देईन. लग्नाआधी वारस म्हणून लिहिलेलं आईचं नाव बदलायचं राहून गेलंय, अशी माणसं मी कचेरीत पुष्कळ पाहिली आहेत.

अरुंधती

---

प्रेषक: मिलिंद (सचिव)

अरुंधतीताई, टेबल तुमचं, प्रवेशदाराजवळ उजवीकडे. निधीचा विषय पुढच्या कार्यकारिणीत पहिलाच घेतो. नियमांचा मसुदा तुम्ही आणि फ्रान्सिस मिळून कराल का? त्यांच्या काउन्सिलमध्ये अडचणीतल्या कुटुंबाला मदत देताना कोण ठरवतं आणि पैसे किती दिवसांत पोचतात, ते कळलं तर आपल्याला उपयोग होईल. सर्वांनी येताना कंपनीच्या विम्याचा कागद किंवा फोनवर त्याचा फोटो आणावा. फराळासाठी नावं रविवारपर्यंत कळवा. चकल्यांना अजून कोणी नाही.

मिलिंद

---

प्रेषक: फ्रान्सिस

मसुद्याला मी तयार आहे. आमच्या खजिनदारांना उद्या भेटतो. चकल्या आमच्याकडून.

फ्रान्सिस